ही चिमणीच ना?

कुंभार पिंपळगावात अंगणातल्या परळात ज्वारी टाकली की चिमण्यांच्या घोळक्यात कधी एखादी परकी दिसते. आधी चोच पाहा, रंग नंतर. उन्हात रंग फसवतो. चोच बारीक, अंगावर रेघा नाहीत, खांद्याशी विटकरी डाग आणि गळ्यावर पिवळा ठिपका असेल, तर तो पीतकंठी चिमणीचा नर. मादीचा गळा फिकट, म्हणून तीच जास्त चकवते. शाळकरी सलीम अलींनी मुंबईत साधारण १९०८ साली छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेला पक्षी हाच. तो ओळखून घ्यायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्यांना पक्ष्यांच्या नादी लावले. (आता बंदूक नको, मोबाईल पुरे.)

चोच जाड, निळसर करडी आणि शेपटी काळी, टोकदार असेल तर शुभ्रकंठी मुनिया. खरी पंचाईत सुगरणीची. पावसाळ्यात नराचा माथा पिवळाधमक. पण विणीचा हंगाम सरला की नर-मादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे. तेव्हा जाड चोच आणि आखूड शेपटी पाहावी.

फोटो समोरून नको, बाजूने काढा. चोच, पाठ, शेपटी एकदम दिसतात.