दुखणे मोजायचे कसे?

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने कवळी बसवली असेल, तर एक गोष्ट तुमच्या पाहण्यात आली असेल. वरची कवळी दिवसभर तोंडात राहते. खालची मात्र जेवण आटोपताच वाटीतल्या पाण्यात जाते. विचारले तर उत्तर येते, “खालची दुखते.” आता दंतवैद्याने काय करावे? ताप मोजायला तापमापी आहे. पण दुखणे दुसऱ्या कोणाला दिसत नाही की ऐकू येत नाही.

प्रथम थोडे गणित करू. दात असताना चावण्याचा भार दातांच्या मुळांभोवतीच्या तंतुमय स्तरावर पडतो. त्याचे क्षेत्रफळ एका जबड्यात सुमारे ४५ चौ. सेंमी. भरते. दात गेले, की तोच भार तोंडातल्या नाजूक श्लेष्मल त्वचेवर येतो. वरच्या कवळीला टाळूचाही आधार असल्याने सुमारे २३ चौ. सेंमी. जागा मिळते, खाली मध्ये जीभ, म्हणून जेमतेम १२. समजा, घास चावताना ६० न्यूटन बल लागले. तर वर दर चौ. सेंमी.ला सुमारे २.६ न्यूटन आणि खाली ५ न्यूटन. बल तेच, पण दाब जवळजवळ दुप्पट! (खालची कवळी जिभेमुळे हलतेही, तो त्रास वेगळाच.)

एवढा दाब त्या माणसाला सोसवतो का, हे त्याच्याच तोंडात मोजावे लागते. येथे शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. दुखणे किती, हे मोजण्याऐवजी ते केव्हा सुरू होते तो क्षण पकडायचा. सपाट, गुळगुळीत टोकाची दांडी हिरडीवर टेकवून बल हळूहळू वाढवतात. आधी नुसता दाब जाणवतो. मग एका क्षणी तो दाब दुखू लागतो. त्याच क्षणी रुग्ण हातातले बटण दाबतो आणि दांडी मागे घेतली जाते. त्या वेळच्या बलाला टोकाच्या क्षेत्रफळाने भागले, की त्या जागेचा ‘वेदनेचा उंबरठा’ मिळतो.

म्हणजे या उपकरणाचा अर्धा भाग यंत्र आणि अर्धा भाग माणूस! माणसाला बटण दाबायला वेळ लागतो. समजा, अर्धा सेकंद लागला. बल सेकंदाला १ न्यूटनने वाढत असेल, तर चूक अर्ध्या न्यूटनची होईल. १० न्यूटनने वाढत असेल, तर ५ न्यूटनची. म्हणून बल वाढवण्याचा वेग आणि टोकाचा आकार आधी ठरवून घेतात आणि मध्ये विश्रांती देऊन पुन्हा पुन्हा मोजतात. हे न पाळता काढलेला आकडा दशांश चिन्हापुढे कितीही स्थळे लिहिली तरी व्यर्थच.

विजेची नाजूक साधने येण्यापूर्वी काय करीत? १८९० नंतरच्या दशकात जर्मनीतील लाइपझिग येथे मॅक्स फॉन फ्राय यांनी वेगवेगळ्या जाडीचे केस काड्यांच्या टोकांना चिकटवले. केस त्वचेवर दाबला की वाकतो, आणि एकदा वाकला की हात आणखी पुढे नेला तरी त्याचे बल फारसे वाढत नाही. हे बल तराजूवर आधीच मोजून ठेवता येते. किती साधी गोष्ट! त्याच काळात फ्रीड्रिश कीझो यांना गालाच्या आतल्या बाजूस, खालच्या दुसऱ्या दाढेसमोर, एक चमत्कारिक जागा सापडली. तेथे टोचलेले कळते, पण वेदना जवळजवळ होत नाही.

उलट, हाडाच्या धारेवर पातळ त्वचा ताणून बसलेली असते तेथे थोडा दाबही सोसत नाही. दंतवैद्य अशा जागी कवळी आतून किंचित घासून देतात.

तोंडात काहीही घालून प्रयोग करू नका. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कणकेचा गोळा ठेवा, त्यात टोक न केलेली पेन्सिल उभी रोवा आणि काटा शून्यावर आणा. पेन्सिलीवर अंगठा टेकवून सावकाश दाबा. दुखू लागले असे वाटताच “आता” म्हणा आणि हात काढा. आकडा मित्राने वाचायचा. पाच वेळा करा, मग जरा भरभर दाबून पाच वेळा. शेवटी पेन्सिलीवर बाटलीचे सपाट बूच ठेवून पाहा. मात्र काट्याच्या मर्यादेपलीकडे दाबू नका. बूच असताना “आता” म्हणण्याची वेळ बहुधा येणारच नाही.