डिस्क एक, दारे दोन

सोलारिसवर डिस्कचा एकच भाग दोन ठिकाणी दिसतो: 'डीएसके' डिरेक्टरीत ब्लॉक फाइल म्हणून आणि 'आरडीएसके'मध्ये रॉ फाइल म्हणून. तिथल्या दुव्यांमागच्या मूळ फाइलींची यादी काढली की ओळीच्या सुरुवातीला एकीला 'बी' (ब्लॉक) असतो, दुसरीला 'सी' (कॅरेक्टर). माउंटला पहिली द्यायची, फाइल सिस्टिम बनवणाऱ्या न्यूएफएसला आणि ती तपासणाऱ्या एफएससीकेला दुसरी, एवढे पाठ करून बहुतेक ॲडमिन पुढे जातात. फार तर रॉ फाइल वेगवान असते असे ऐकलेले असते. पण वेग हा इथे जोडफायदा आहे. लिहिलेला मजकूर डिस्कवर कधी आणि कोणत्या क्रमाने उतरावा हे कोणी ठरवायचे, हा खरा वाद.

ब्लॉक फाइलवर केलेले लेखन आधी कर्नलच्या बफर कॅशमध्ये जाते. प्रोग्रामला 'झाले' असे उत्तर मिळते तेव्हा डिस्कवर बहुधा काहीच पोचलेले नसते. जुन्या युनिक्समध्ये 'अपडेट' नावाचा डेमन दर 30 सेकंदांनी सिंक करून ते खाली पाठवी. रॉ फाइलला हा मधला टप्पा नाही, म्हणून वाचन-लेखन 512 बाइटच्या सेक्टरच्या पटीतच करावे लागते. दोन्ही वाटा एकाच वेळी वापरल्या तर काय होते ते जुन्या एफएससीकेने नेमके दाखवले. चालू रूट फाइल सिस्टिम दुरुस्त केली की तो बजावत असे: मशीन पुन्हा सुरू करा, पण सिंक करू नका. दुरुस्ती डिस्कवर झालेली, कर्नलपाशी मात्र फाइल सिस्टिमच्या मुख्य नोंदीची, सुपरब्लॉकची, जुनीच प्रत. सवयीने सिंक केले की ती दुरुस्तीवरच जाऊन बसणार. डेटाबेसवाल्यांची तक्रारही याच जातीची. त्यांना लॉग आधी आणि डेटा नंतर उतरायला हवा, आणि कॅशला त्या क्रमाची पर्वा नाही. मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1981 मध्येच लिहिले होते की ऑपरेटिंग सिस्टिमच्या या सेवा डेटाबेसला जाचक ठरतात. ओरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स वर्षानुवर्षे रॉ पार्टिशनवर चालले ते उगीच नव्हे.

रॉ पार्टिशनचा जाच मोठा, हे मान्य. त्यात फाइलची नावे नाहीत, आकार वाढवणे कठीण, टारने बॅकअप घेता येत नाही. आणि सिलिंडर शून्यापासून सुरू होणारा भाग डेटाबेसला दिला तर डिस्कचे लेबलच पुसले जाण्याचा धोका. डिस्कला स्वतःचीही कॅश असते, तेव्हा रॉ म्हणजे थेट तबकडीवर, असेही नाही. तरीही चूक झाली तर ती बहुधा त्या लेखनाच्या उत्तरातच कळते, हे थोडे नाही. कॅशमधून गेल्यावर काय घडू शकते ते पोस्टग्रेसवाल्यांनी 2018 मध्ये पाहिले: लिनक्सवर कॅशमधले डिस्कवर उतरवून घेणारा एफसिंक एकदा अपयशी ठरे, दुसऱ्यांदा यशस्वी म्हणून परते, आणि मधला डेटा गेलेला असे.

फ्रीबीएसडीने 2000 मध्ये, 4.0 आवृत्तीत, ब्लॉक फाइलच काढून टाकली. कॅश लेखनाचा क्रम बदलते आणि कोणताही गंभीर प्रोग्राम तिच्यावर विसंबत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. लिनक्सने उलटे केले: ब्लॉक फाइल ठेवली, थेट लेखनासाठी ओ-डायरेक्ट हा फ्लॅग दिला आणि 5.14 मध्ये, 2021 साली, रॉ ड्रायव्हर हटवला. फ्लॅग असताना वेगळी फाइल कशाला, हा प्रश्न वाजवीच आहे. पण फ्लॅग प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात असतो, फाइलचे नाव तो चालवणाऱ्याच्या. डेटा जसाच्या तसा उतरवणाऱ्या जीएनयू डीडीला थेट लेखनाचा पर्याय आहे म्हणून तिथे निभावते. ज्या साधनाच्या कर्त्याने अशी सोय केली नाही, तिथे ॲडमिनच्या हाती काही उरत नाही. मॅकओएसवर 'डिस्क' आणि 'आरडिस्क' ही दोन्ही नावे अजून आहेत. एसडी कार्डावर इमेज लिहिणारा नावाआधी एक 'आर' जास्त टाइप करतो. डीडीला त्यातले काही माहीत असण्याची गरजच पडत नाही.