रमजानमध्ये ओटीटीचा हिशेब

1929 मध्ये ‘प्रभात’ सुरू झाली ती कोल्हापुरात. इथले सिनेमाचे वेड जुनेच. रमजानमध्ये मात्र अनेक घरांत टीव्ही बंद असतो. ओटीटीचे पैसे तेवढे ऑटोपेने कापले जातात. हिशेब करायला हाच महिना बरा. आजीला ‘झी मराठी’ची मालिका हवी तर ‘झी फाइव्ह’, ‘स्टार प्रवाह’ची हवी तर ‘जिओहॉटस्टार’, मुलांना ‘हास्यजत्रा’ हवी तर ‘सोनी लिव्ह’. तिन्ही एकदम कशाला? वर्षाची योजना स्वस्त दिसते, पण बंद महिन्यांचेही पैसे त्यात जातात. त्यापेक्षा महिन्याची घ्यावी, ऑटोपे बंद ठेवावा. ईदला घरच्यांना विचारून एकच सुरू करावे. रोजे नसलेल्या घरांनाही मुलांच्या परीक्षेच्या महिन्यात हाच उपाय लागू पडेल.