सौंदडला क्रॉसिंग आहे

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसलेल्या माणसाला सौंदड हे स्थानक लक्षात राहते ते त्या गावामुळे, जवळून वाहणाऱ्या चुलबंद नदीमुळे किंवा मुंबई-कोलकाता महामार्ग येथे रुळांना आडवा जातो म्हणून नव्हे. येथे गाडी थांबते, थांबूनच राहते, आणि डब्यातला कोणी जाणता मनुष्य खिडकीबाहेर डोकावण्याचीही तसदी न घेता ‘क्रॉसिंग आहे’ एवढे सांगून मोकळा होतो, त्या दीर्घ विरामामुळे ते लक्षात राहते. नवखा प्रवासी अशा वेळी चडफडतो, आणि नित्याचा प्रवासी डबा उघडून जेवायला बसतो. मला मात्र या स्थानकाच्या फलाटावर वारंवार उभे राहून असे वाटू लागले की, ज्याला ही लाईन समजून घ्यायची आहे त्याने तिचा वेग पाहू नये, तिचे थांबणे पाहावे. कारण शंभरांहून अधिक वर्षांचा तिचा इतिहास या थांबण्यात एकवटलेला आहे.

या मुलखात आगगाडी आली ती प्रथम गोंदियापर्यंत. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी नागपूर-छत्तीसगढ रेल्वे 1880 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मीटरमापी रुळांवर धावू लागली, 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने ती आपल्या ताब्यात घेऊन रुंदमापी केली आणि पुढे बंगालपर्यंत नेऊन भिडवली. त्यानंतर 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताची जी दैना केली, तिच्यामुळे अंतर्भागात धान्य पोचविण्याची साधने हवीत ही जाणीव सरकारदरबारी तीव्र झाली, आणि गोंदियातून उत्तरेला बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे अडीच फुटी अरुंदमापी रूळ गेले. दक्षिणेची शाखा त्याच मापाची. ती 1908 च्या सुमारास नागभीडला पोचली, तेथून तिचा एक फाटा नागपूरला मिळाला आणि दुसरा सिंदेवाही, मूल करीत 1913 साली चांदा फोर्टपर्यंत उतरला. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी ही नावे अशा रीतीने एका ओळीत आली, आणि कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांचा, मालगुजारांच्या धानबांध्यांचा व घनदाट अरण्याचा हा प्रदेश प्रथमच घड्याळाच्या काट्याशी जोडला गेला.

त्या छोट्या गाडीचे वर्णन करणारी वडीलधारी माणसे या भागात अजून भेटतात. धान, साग, बांबू, तेंदूपाने हा तिचा माल, आणि बाजाराला, सोयरिकीला, दवाखान्याला व कोर्टकचेरीला निघालेली माणसे हे तिचे प्रवासी. 1944 मध्ये कंपनीचा कारभार संपून सरकारी अंमल सुरू झाला, पुढे पूर्व रेल्वे, मग 1955 पासून दक्षिण पूर्व आणि 2003 पासून बिलासपूर मुख्यालयाची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, अशी धनीपणाची पाटी बदलत गेली, तरी गाडी स्थानिक माणसाचीच राहिली. तिला दुसऱ्या कोणासाठी खोळंबायचे कारण क्वचितच पडे.

हे कारण निर्माण झाले रुंदीकरणामुळे. लोकांनी मागणी केली, अर्जविनंत्या केल्या, आणि 1990 नंतरच्या दशकात गोंदियापासून बल्लारशाहपर्यंतची सगळी लाईन टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाली. त्याच दशकाच्या अखेरीस, 1 मे 1999 रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. या बदलाचे स्वागत झाले ते योग्यच झाले. परंतु ज्या दिवशी येथील रूळ देशातल्या इतर रुळांच्या मापाचे झाले, त्याच दिवशी ही लाईन केवळ या भागाची राहिली नाही. गोंदियाहून नागपूर व सेवाग्राममार्गे बल्लारशाहला जाण्यापेक्षा या वाटेने नव्वदएक किलोमीटरचा वळसा वाचतो. तेव्हा छत्तीसगढ-ओडिशाकडून दक्षिणेत जाणारा माल, चंद्रपूर भागातला कोळसा आणि दूर पल्ल्याच्या एक्स्प्रेस गाड्या या आडवाटेवर लोटल्या गेल्या, यात नवल नाही. रुळाची रुंदी वाढली, रुळांची संख्या मात्र एकच राहिली. सौंदडची क्रॉसिंग म्हणजे या व्यवहारातली स्थानिक प्रवाशाने भरलेली किंमत होय.

आता ही क्रॉसिंग प्रत्यक्ष कशी घडते ते सांगतो, कारण तिच्यामागची मेहनत व दक्षता डब्यात बसून दिसत नाही.

एकेरी मार्गाचा मूळ कायदा असा की, दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी. त्यासाठी पुढच्या स्थानकाच्या मास्तराकडून ‘लाईन क्लिअर’ मागावी लागते; ती मिळाल्यावाचून कोणत्याही मास्तराला आपल्या हद्दीतून गाडी सोडण्याचा अधिकार नाही. एकेकाळी एकेरी मार्गांवर या परवान्याला मूर्त रूप होते. धातूचा एक गोळा यंत्रातून निघे, तो वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई, आणि दोन्ही स्थानकांची यंत्रे विजेने एकमेकांशी अशी जखडलेली असत की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघणे अशक्यच. आता रुळाला बसविलेला अ‍ॅक्सल काउंटर हे काम करतो: टप्प्यात किती आस शिरले आणि किती बाहेर पडले याची तो मोजणी ठेवतो, आणि दोन्ही आकडे जुळल्याखेरीज टप्पा मोकळा धरला जात नाही. साधन बदलले, शिरस्ता तोच राहिला.

पॅसेंजर येते ती लूपवर, म्हणजे मेन लाईनच्या बाजूच्या रुळावर, घेतली जाते. सांधा वळविलेला असतो, त्यामुळे वेग उतरलेला, आणि चाके सांध्यावरून जाताना डबा एका अंगाला झुकून पुन्हा सावरतो. ड्रायव्हरने गाडी कोठे उभी करावी याची मर्यादा दोन रूळ जेथे एकमेकांपासून फाकतात तेथे जमिनीत रोवलेली असते. पांढरा रंग दिलेल्या त्या खुणेला रेल्वेची माणसे फाउलिंग मार्क म्हणतात. गाडीचे शेपूट या खुणेच्या आत आले नाही, तर शेजारच्या मेन लाईनवरून जाणारी गाडी तिला घासून जाईल. शेवटचा डबा खुणेच्या आत आला याची खात्री झाली की मास्तर खोलीतल्या पॅनेलवर मेन लाईनचा मार्ग लावतो, वाटेतल्या फाटकवाल्याशी टेलिफोनवर अंकांची देवाणघेवाण करून फाटक बंद असल्याची ग्वाही घेतो, आणि मगच सिग्नल पडतो.

यानंतर जे घडते ते पाहण्यासाठी मी अनेकदा डब्यातून उतरून फलाटाच्या टोकापर्यंत गेलो आहे. मास्तर हिरवी झेंडी घेऊन खोलीबाहेर येतो; त्याच वेळी सांधेवाला, म्हणजे हल्लीचा पॉइंट्समन, रूळ ओलांडून पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहतो. मालगाडीची जी बाजू फलाटावरून दिसत नाही ती पाहणारे डोळे कोणाचे तरी असले पाहिजेत, म्हणून. साठाच्या घरातल्या वाघिणी, कोळशाने काठोकाठ भरलेल्या, धडधडत येतात. फलाटावरची माणसे पदर व रुमाल तोंडाला लावून मागे सरकतात, आणि ही दोन माणसे मात्र दोन्ही अंगांनी त्या गाडीला न्याहाळीत स्थिर असतात. कोठे आस तापून धूर निघतो आहे काय, ब्रेकचा दांडा लोंबतो आहे काय, वाघिणीचे दार सुटले आहे काय, हे ते पाहतात, आणि केवळ पाहत नाहीत, ऐकतातही. एका पॉइंट्समनने मला सांगितले की, ज्या चाकाचा घेर एका ठिकाणी झिजून सपाट झाला असेल, ते उखळातल्या मुसळासारखे ठेक्यात आपटत येते, आणि साठ वाघिणींच्या गोंगाटातही तेवढा एक आवाज कानाला वेगळा लागतो. ती गाडी गेल्यावर त्याने खिशातून चुना-तंबाखू काढली. तोवर त्याचा हात झेंडीवरून ढळला नव्हता.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते. अखेरच्या वाहनाच्या पाठीवर पिवळी फुली आणि ‘एल.व्ही.’ अशी अक्षरे असलेली पाटी असते. ती पाटी दिसली, तर गाडी पूर्ण आली. न दिसली, तर जोडणी तुटून काही वाघिणी मागे टप्प्यातच उभ्या असण्याचा संभव. आणि तसे असता दुसरी गाडी तेथे सोडणे म्हणजे प्रत्यक्ष संहार. मास्तर ती पाटी पाहतो, आत जाऊन रोजवहीत वेळ लिहितो, मागच्या स्थानकाला गाडी पुरी पोचल्याचे कळवितो. मग पॅसेंजरसाठी पुढची लाईन क्लिअर मागितली जाते, आणि लूपचा सिग्नल पडतो. डब्यात कोणी टाळी वाजवीत नाही. गाडी हलली एवढेच लोकांना कळते.

मालगाडीला आधी का सोडतात, या प्रश्नाचे रेल्वेकडे जे उत्तर आहे ते निराधार नाही. भरलेली मालगाडी थांबवायला अंतर लागते व पुन्हा वेगात आणायला वेळ लागतो, एका लूपवर ती अडकली तर मागच्या सगळ्या गाड्यांची मांडणी कोलमडते, आणि रेल्वेच्या तिजोरीत भर पडते ती मालाच्या भाड्याने. हे सारे मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की, खोळंब्याचा बोजा नेहमी एकाच पक्षावर पडावा हे न्यायाचे नव्हे. सौंदडला चढणारी माणसे कोण, ते पाहावे. सडक अर्जुनी (लाईनवरच्या अर्जुनीहून वेगळे) हे तालुक्याचे गाव, पण त्याला रेल्वे नाही. तेथील माणसे रेल्वेसाठी सौंदडला येतात. गोंदियाला राहून इकडे ‘अपडाउन’ करणारे शिक्षक, ग्रामसेवक व कारकून आहेत. गोंदियाच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुली आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीचे कागद घेऊन निघालेले वृद्ध आहेत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरू लागली आणि वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू झाला की याच डब्यांतून पाहुणेरावळे, लेकुरवाळ्या व नाटकवेडे मध्यरात्रीच्या जागरणाची तयारी करून निघतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या कित्येकांना तर वडसा हेच रेल्वेचे दार.

मुंबईच्या लोकलचे नाव आपण आदराने घेतो. बोरीबंदर ते ठाणे ही 1853 सालची पहिली गाडीही आरंभी आजच्या अर्थाने लोकल नव्हती. विरारहून 1867 मध्ये मुंबईला जी गाडी सुरू झाली ती दिवसातून एकदाच जात असे. 1925 मध्ये कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली, हा त्या इतिहासातला मोठा टप्पा खरा. परंतु लोकल लोकल झाली ती केवळ विजेमुळे नव्हे. दूरच्या गाड्यांना आणि रोजच्या गाड्यांना वेगवेगळे रूळ मिळत गेले, आणि कामावर जाणाऱ्या माणसाची वेळ ही वेळापत्रकाची पहिली ओळ मानली गेली, म्हणून. वीज आता सौंदडवरूनही गेली आहे. रोजच्या माणसाची वेळ अजून वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत आलेली नाही.

ती यावी अशी संधी मात्र आज समोर आहे. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह या 240 किलोमीटर लाईनच्या दुहेरीकरणाला 4,819 कोटी रुपयांची मंजुरी दिली. या कामात दोन गोष्टी कागदावरून सुटू नयेत अशी माझी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे. ही लाईन नवेगाव व नागझिरा या जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातून जाते. 2013 मध्ये या दोन्ही अरण्यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि येथील रुळांवर वन्य प्राणी मेल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. दुसरा रूळ पडल्यावर जनावराला ओलांडायचे अंतर वाढेल आणि गाड्याही वाढतील. तेव्हा त्यांच्या वाटेवरचे भुयारी मार्ग रुळाबरोबरच बांधले जावेत, मागाहून नव्हे. दुसरी गोष्ट माणसांची. राज्य शासनाच्या कचेऱ्या पावणेदहाला उघडतात व सव्वासहाला सुटतात. दुहेरी लाईनचे पहिले वेळापत्रक आखताना साडेनऊच्या आत दक्षिणेकडून गोंदियात पोचणारी एक आणि साडेसहानंतर तेथून निघणारी एक, अशा दोन पॅसेंजरांची वेळ आधी मांडावी, त्याचप्रमाणे गोंदियाहून इकडे कामाला येणाऱ्यांसाठी उलट दिशेच्या दोन, आणि मालगाड्यांची आखणी त्यानंतर करावी.