नाडी मनगटापुरती नाही

नाडी बघायची तर अंगठ्याखाली, मनगटाच्या घडीजवळ तर्जनी आणि मधले बोट हलके टेकवावे. अंगठ्याने पाहू नये. त्याचेच ठोके मोजले जातात. विश्रांती घेतलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० पडते. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात अंगातले पाणी घटले, की ती जलद आणि क्षीण लागते.

मानेतली नाडी श्वासनलिकेच्या कडेला लागते; दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नयेत. माणूस बेशुद्ध असून श्वास थांबला असेल, तर नाडी शोधत बसू नये. १०८ला फोन करून छातीवर दाब द्यायला लागावे.

पायातली नाडी आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या वरच्या बाजूला मिळते. मधुमेह असलेल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ती डॉक्टरांकडून आवर्जून तपासून घ्यावी, कारण त्यांच्या पायांच्या धमन्या अरुंद होण्याचा धोका मोठा. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी लागत नाही, म्हणून डॉक्टर दोन्ही पाय ताडून पाहतात. चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर उतरत असेल किंवा जखम भरत नसेल, तर तपासणी लांबवू नका. पाय अचानक गार, फिकट पडून ठणकू लागला, तर तडक रुग्णालय गाठा.