उंदराच्या जिभेवरची साखर

मधुमेह निघाला की आमच्याकडे आधी चौकशी होते ती गोडाची. घाटी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस आपणहून कबुली देतो, "गोड फार खाल्लं हो." पेशंटला गुन्हेगार ठरवणाऱ्या या हिशेबाला गेल्या पन्नास वर्षांत प्रयोगशाळेतल्या उंदरांनी बराच सुरुंग लावला आहे.

१९७४ साली अमेरिकेत जॉन फुलर यांनी उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत सॅकरिन. सी५७बीएल/६ जातीचे उंदीर गोड बाटलीवर तुटून पडले. डीबीए/२ जातीच्या उंदरांना तिचं फारसं कौतुक नव्हतं. संकरित पिल्लं तपासल्यावर फरक मुख्यतः एकाच जनुकस्थानाकडे बोट दाखवू लागला, आणि त्याला 'सॅक' नाव मिळालं. ते जनुक नेमकं कोणतं, हे कळायला २००१ उजाडलं. त्या वर्षी अनेक गट जवळजवळ एकदमच टीएएस१आर३पाशी पोचले. जिभेवरच्या गोड-ग्राहकाचा अर्धा भाग हे जनुक घडवतं.

मधुमेहाचा धागा वेगळ्या पिंजऱ्यातून आला. १९६६ मध्ये मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेने 'डीबी' उंदराची नोंद प्रसिद्ध केली. तो अधाशासारखा खाणारा, लठ्ठ आणि रक्तात साखर चढलेला होता. जपानात युझो निनोमिया यांनी त्याच्या जिभेकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर मोजमाप केलं, तेव्हा साखरेला मिळणारा प्रतिसाद नेहमीपेक्षा जोरदार दिसला. पुढे कळलं की या उंदरात लेप्टिनचा ग्राहकच बिघडलेला असतो. लेप्टिन म्हणजे चरबीतून येणारा, 'आता पुरे' असा निरोप देणारा हार्मोन. २००० साली निनोमियांच्या गटाने दाखवलं की सडपातळ उंदराला लेप्टिन टोचलं तर गोडाचा प्रतिसाद मंदावतो, पण डीबी उंदरावर काहीच परिणाम होत नाही. म्हणजे इथे गोडाची ओढ हीच बिघाडाची खूण होती. मला या सगळ्या मागोव्यातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अर्थात प्रकरण इतकं सरळ राहिलं नाही. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाला लेप्टिन वाढवूनही जिभेच्या प्रतिसादात फरक दिसला नाही. त्याआधी, २००८ मध्ये, गोड चवच न कळणारे उंदीरही साखरेच्या बाटलीची सवय लावून घेतात, हे दिसलं होतं. जिभेने नाही सांगितलं तरी उष्मांकांची खबर शरीराला लागते. मग पेढ्याबद्दल एकट्या जिभेला किती बोल लावायचा?

आपल्या जवळचा दाखला पुण्याचा आहे. २०१५ मध्येच आनंदवर्धन हार्डीकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या विस्टार जातीच्या मोठ्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे प्रश्न चवीचा नव्हता, भुकेचा होता. त्या उंदरांची मधुमेहाकडे ओढ जास्त होती, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही ती ओसरली नाही.

उंदरावरून माणसाचं भाकीत करू नये, हे खरंच. तरी मराठवाड्यात हे वाचताना बहात्तरचा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हाची मिलोची भाकरी आणि सुकडी कित्येक घरांत अजून तोंडी आहे. केसपेपरवर आईवडिलांना साखर आहे का, हे विचारलेलं असतं. आजी किती वर्षं उपाशी होती, हा रकाना मला तरी कधी दिसला नाही.