डोक्याला लागलं, तर आजचा खेळ संपला

कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघे साखळी करून मागे ओढतात, तेव्हा तो पाठीवर पडतो आणि पाठोपाठ डोकं जमिनीवर आपटतं. खो-खोत खांबाजवळ सूर मारताना अंदाज चुकला की कपाळ थेट खांबावर. पोर क्षणभर सुन्न होतं. कुणी डोक्यावर पाणी ओततं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी म्हणतं, "ऊन लागलंय." दोन मिनिटांनी ते पुन्हा मैदानात.

तेरणा साखर कारखान्याच्या ढोकीत काय, धाराशिव जिल्ह्यातल्या इतर गावांत काय, हे दृश्य नवं नाही. खेळाची ओढ इथं खरी आहे. याच धाराशिवच्या सारिका काळे 2016च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या, 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा मुली ज्या मातीतून येतात, तिथं डोक्याच्या माराविषयीची समजही पोहोचायला हवी.

या माराला कंकशन म्हणतात. कवटी शाबूत असते, रक्त दिसत नाही, पण आत मेंदूला हिसका बसतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. बहुतेक मुलं बेशुद्ध पडत नाहीत. सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो, कारण स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दाखवतो, बिघडलेलं काम दाखवत नाही. म्हणून ओळखायचं ते बोलण्यावागण्यावरून.

डेव्हिड मॅडॉक्स या ऑस्ट्रेलियन संशोधकानं फुटबॉलपटूंसाठी काही प्रश्न तयार केले. नाव आणि जन्मतारीख हिसका बसलेला खेळाडूही बरोबर सांगतो. अडखळतो तो ताज्या आठवणीत. आपल्या शिक्षकानं विचारावं: आपण कुठं खेळायला आलोय? पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी झाला, जिंकलो का? लहान मुलांच्या चाचणीत आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावतात, काही शब्द ऐकवून परत विचारतात, तोल पाहतात. हंगामाच्या आधी, मूल ठणठणीत असताना हीच चाचणी घेऊन वहीत नोंदवली तर नंतर ताडून पाहता येतं. याला यंत्र लागत नाही. मात्र उत्तरं बरोबर आली म्हणून कंकशन नाहीच, असंही ठरत नाही. शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, एवढं पक्कं हवं.

अमेरिकेत झॅकरी लिस्टेड हा 13 वर्षांचा मुलगा 2006 साली डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत उतरला आणि आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन बसला. 2009 साली वॉशिंग्टन राज्यानं त्याच्या नावानं कायदा केला: शंका आली की खेळाडू बाहेर, आणि परत यायचं ते जाणकार वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीनंच. क्रिकेटनं 2019 साली कंकशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडूची सोय केली. 2020च्या डिसेंबरात कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलनं तीन बळी घेतले. तेव्हा वाद झाला तो बदलीचा. जडेजाच्या डोक्याबद्दल फार कुणी बोललं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कबड्डीत तर राखीव खेळाडू बाकावर बसलेलेच असतात. मुलाला बाहेर काढायला नवा नियम लागत नाही.

मग अडतं कुठं? मूल स्वतःच लपवतं. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू घरातल्या मुलासाठी ही मोठी वाट आहे. डोकं दुखतंय म्हणून ती कोण सोडेल? त्यामुळे निर्णय मुलावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तो शिक्षकानं आणि पंचानं घ्यावा, आणि पालकांनी त्यांच्यावर रागावू नये.

खरी कसोटी रात्रीची असते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन-दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, उठवूनही न उठणं, यातलं एक जरी दिसलं तरी 108ला फोन करून थेट जिल्हा रुग्णालय. झोपू द्यायला हरकत नाही, पण लक्ष ठेवणारं कुणी हवं. आणि शालेय स्पर्धांच्या दिवसांतच ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. आईबाप फडावर, मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. आजीला कुणी सांगितलेलंच नसतं की नातवाचं डोकं आपटलंय.

पुढचे एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू शाळा, मग हलकं धावणं, सराव, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ अगदी शेवटी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर. पहिला हिसका भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक कोवळ्या वयात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन तपासणी करतं. त्याच दिवशी अर्धा तास क्रीडाशिक्षकांशी बोलता येईल. आणि स्पर्धेच्या प्रवेशिकेवर जन्मतारीख व मुख्याध्यापकांची सही असते, तिथं आणखी एक रकाना वाढवावा: आज रात्री मुलाजवळ कोण असेल, आणि त्यांचा मोबाइल नंबर.